दोनदा की तीनदा

"पंचबाई, ड्रॉ मागतोय मी," दादाने घड्याळ थांबवलं. "तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय. चाल लिहिलीय, खेळलो नाही अजून."

बुद्धिबळात तीच स्थिती पटावर तीनदा आली की बरोबरी मागता येते, आणि दादाची मागायची रीतही अगदी बिनचूक होती. चाल आधी कागदावर लिहायची, सोंगटीला हात लावायचा नाही आणि पंचाला बोलवायचं. बोलावणारा तिचा सख्खा भाऊ होता, एवढंच. दादा तीस वर्षं क्लबच्या संघात होता. यंदा जागा टिकवायला त्याला या शेवटच्या डावातून अर्धा गुण हवा होता, आणि बरोबरीचा तेवढाच मिळतो.

"बहीणच पंच! मजा आहे बुवा एकेकाची," समोरचा औषधवाला हसला.

"पुढच्या वेळी तुमची आणा," ती म्हणाली आणि दोघांचे कागद उचलून शेजारच्या रिकाम्या पटाकडे गेली.

खुर्चीत बसवेना. उभ्याउभ्याच ती चाली मांडू लागली. आठवडाभर ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. रिपोर्ट कुणाचा का असेना, हात कधी चुकला नव्हता. आज उंटाच्या जागी घोडा उचलला गेला. सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून.

सोळाव्या चालीनंतर पहिल्यांदा. मग वजीर अंगावर आला, दादाचा हत्ती एक घर सरकला. वजीर मागे गेला, हत्ती परत आला. अठराव्या चालीनंतर दुसऱ्यांदा. तोच फेरा, आता लिहिलेल्या विसाव्या चालीनंतर तिसऱ्यांदा. दिसायला तिन्ही वेळा पट अगदी सारखा. तिला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. सोळाव्या चालीपर्यंत तो हत्ती जागचा हललाच नव्हता. तेव्हा राजाला त्या बाजूने किल्लेकोट करायचा, म्हणजे एका चालीत हत्तीच्या आडोशाला जायचा हक्क होता. हत्ती एकदा हलला की तो हक्क कायमचा जातो. मग तो परत घरी येऊन बसला तरी काही उपयोग नाही. हक्क वेगळा, म्हणजे स्थिती वेगळी. पहिली वेळ धरायचीच नाही.

तिने पुन्हा मोजलं. दोनदाच.

दादाने गप्प बसून आणखी एक फेरा होऊ दिला असता तर बरोबरी पक्की होती. औषधवाल्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता निकाल ऐकला की तो सावध होणार. अरे, जरा दम धरायचास ना, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण पंचाचं तोंड निकालापुरतंच असतं.

"दावा नामंजूर," ती पटाशी येऊन म्हणाली. "पहिल्या वेळी किल्लेकोटाचा हक्क होता. स्थिती दोनदाच आलीय. लिहिलेली चाल खेळा. चुकीच्या दाव्याबद्दल समोरच्यांना दोन मिनिटं जादा."

दादा हत्तीकडे बघत राहिला. "असं असतं होय," तो म्हणाला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

औषधवाल्याने जादाची दोन्ही मिनिटं वापरली. या वेळी वजिराला हात न लावता त्याने प्यादं पुढे सरकवलं. ती हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिली; त्या पटाजवळून जाताना नजर वळवायची नाही असं ठरवायची आणि दर वेळी वळवायची. पाऊण तासाने दादाने हार मानून हात पुढे केला.

ती सही घ्यायला गेली. औषधवाला उठून गेला होता. सही करता करता दादाने हळूच विचारलं, "हत्ती परत आला तरी हक्क येत नाही... हे तुला कुणी शिकवलं गं?"

थट्टा करताना तो असाच गंभीर चेहरा करायचा. तो हसेल म्हणून ती थांबली. तो हसला नाही. ती नऊ वर्षांची असताना याच नियमावरून रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तिला पटेपर्यंत दादा फरशीवर बसून तोच हत्ती पुढेमागे करत राहिला होता.

"तूच," ती म्हणाली.

"मी?" दादाचा चेहरा खुलला. "मग चांगलंच शिकवलं म्हणायचं!"

त्याने एकेक सोंगटी जागच्या जागी लावली, खुर्ची आत सरकवली आणि तो निघाला. तिला भडभडून आलं. त्याच्यामागे धावत जावं, निदान दारापर्यंत तरी. पण अजून सहा पटांवर घड्याळं चालू होती आणि हॉलमध्ये पंच ती एकटीच होती.

मागच्या पटावर कुणीतरी हात वर केला. ती तिकडे गेली.