पाच दारांवरचा निरोप्या

साल होतं २००९. मित्रांनो, आज मी एक जुना फीड रीडर आहे, पण तेव्हा नवाकोरा होतो. फीड रीडर म्हणजे संगणकातला एक प्रोग्राम. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर कुणी काही नवं लिहिलं, की ते आणून एका यादीत मांडायचं, एवढंच माझं काम. एका प्रोग्रामर मुलीने फावल्या वेळात मला घडवलं आणि आपल्या धाकट्या मावशीच्या संगणकात बसवलं.

ही मावशी टपाल कचेरीत पत्रं निवडण्याचं काम करून निवृत्त झालेली. ती थोरल्या बहिणीबरोबर राहायची. त्या वर्षी दोघी घर बदलत होत्या. माळा उपसताना वडिलांच्या पेटीत एक पितळी वस्तू निघाली. दोन सडपातळ दांड्या, एकीला अणकुचीदार टोक आणि आकडे कोरलेलं इवलंसं चाक. वडील नकाशांच्या कचेरीत होते. तिथे ते नेमकं काय करत, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्या लहान असतानाच ते गेले.

"रविवारी भंगारवाला येतोय. देऊन टाक," थोरली म्हणाली.

"कशासाठी आहे, ते तरी कळू दे ताई."

"कळून काय लोणचं घालायचंय?"

धाकटीने वस्तूचा फोटो पाच संकेतस्थळांवर टाकला आणि विचारलं, हे काय आहे? उत्तरं इकडे एक, तिकडे एक येऊ लागली. पाचही ठिकाणी हेलपाटे घालून ती दमली, तेव्हा भाचीने ते काम माझ्यावर सोपवलं. दर अर्ध्या तासाला मी पाच दारं ठोठावायचो. आमच्या बाईंना कुणी काही म्हणालं का? कुणी म्हणे कंपास, कुणी म्हणे शिंप्याचं हत्यार. एकाने तर मिशा कुरळ्या करायचं यंत्र ठरवलं. मलाही आता चैन पडेना. पाचव्या दारी नेहमी शुकशुकाट असायचा, तरी मी जायचो.

शनिवारी पावणेसहाला त्याच दारी उत्तर आलं. मी ते ठळक अक्षरांत यादीत मांडलं. पण धाकटीला कचेरीतली सवय होती. सहाच्या ठोक्याला टेबल रिकामं हवं. त्या दिवशी घराच्या दारात सामानाची खोकी बांधणारा माणूस उभा होता. तिने न पाहताच 'सगळं वाचलं' हे बटण दाबलं, आणि माझी ठळक अक्षरं बारीक झाली. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. पितळी वस्तू भंगाराच्या पोत्यात गेली.

रविवारी सकाळी धाकटी नव्या घराची किल्ली आणायला गेली. मला "चोमडा" म्हणणारी थोरली हळूच माझ्यासमोर बसली आणि पहिल्यापासून सगळी उत्तरं वाचू लागली. मिशांपाशी खुदकन हसली. मग शेवटचं उत्तर आलं.

"याला प्लॅनिमीटर म्हणतात. नकाशावरच्या तळ्याच्या कडेने टोक फिरवलं, की चाकावरून तळ्याचं क्षेत्रफळ कळतं. मी हेच काम केलं. हात थरथरला तर माप चुकतं, म्हणून हे काम मोजक्यांनाच मिळायचं."

घंटी वाजली. भंगारवाला होता. थोरलीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"बाई, द्यायचं नव्हतं तर पोतं कशाला बांधलंत?"

"बाकीचं ने की. एवढं राहू दे."

धाकटी परतली तेव्हा टेबलावर प्लॅनिमीटर होता, शेजारी कागद आणि त्यावर थोरलीच्या पंजाची आकृती.

"बाबा आपल्या पंजाभोवती बोट फिरवायचे, आठवतं? मला वाटायचं खेळ आहे," थोरली म्हणाली. "ठेव तुझा हात. कुणाचा मोठा ते एकदा बघूच."

धाकटीचा मोठा निघाला. थोरलीने तीनदा मोजायला लावलं. मग एका बोटाने टंकत तिने पाचव्या दारी लिहिलं, "मिळालं. आमच्या बाबांचा हात थरथरत नव्हता."

थोरली त्यानंतर सहा वर्षं होती. "चोमडा काय म्हणतोय?" असं रोज विचारायची. पाचव्या दारी उत्तर देणारे आजोबा शेवटपर्यंत दोघींना लिहीत राहिले. भाची दूरच्या शहरात नोकरीला गेली, पण मी बिघडलो की फोनवरून दुरुस्त करते. प्लॅनिमीटर एका शाळेत आहे, मुलं त्याने पानं मोजतात. चार दारं बंद पडली. पाचवं अजून उघडं आहे. धाकटी सहाला टेबल आवरते, पण शेवटची ओळ वाचल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. प्रश्न विचारलात, तर उत्तराची वाट बघा. ओस पडलेल्या दारीही कुणीतरी तुमच्यासाठी चार ओळी ठेवून गेलेलं असतं. त्या उचला, आणि त्याला "मिळालं" एवढं तरी कळवा.