घंटागाडीच्या पुढं

मरून शाल, सोनेरी किनार. अजून प्लॅस्टिकमध्ये.

गुडघ्याला चोळायचा मलम. सगळ्या घराला वास.

वारा पूर्वेचा, म्हणजे जाताना तोंडावर.

वळसंगच्या चौकात शेकून ठेवलेली हलगी.

ज्येष्ठ गट : साठीच्या पुढचे. अंतर दहा किलोमीटर. वेगाची सक्ती नाही. सर्वांना पदक.

शिवबाई, नवऱ्याची पाण्याची बाटली भरताना : "पडलात तर उचलायला मी यायची न्हाय."

•

रविवारी सकाळी, सोलापूरच्या सात रस्ता चौकात, प्रभुलिंग हत्तुरे, वय त्रेसष्ट, सायकल शर्यतीच्या खुल्या गटाच्या रांगेत उभा राहिला. माईकवाल्याने लगेच ओळखलं.

"काका, तुमची रांग तिकडं. चहाची सोय पण हाय."

"चहा पिऊन आलोय."

"मग झेंडा दाखवा की! प्रमुख पाहुणे व्हा."

"झेंडा धरला तर हँडल कोण धरणार? तू?"

पोरं हसली. माईकवाला हसला नाही. "ठीक हाय. पण मागं टेम्पो हाय. त्यानं गाठलं की सायकल वर, तुमी वर, आणि पुढच्या वर्षीपासनं गुमान ज्येष्ठ गट. कबूल?"

"कबूल. माईकवर सांग. सगळ्यांना ऐकू दे."

त्याने सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं.

मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या त्या टेम्पोला पोरं घंटागाडी म्हणतात.

•

अक्कलकोट रस्ता. वारा. घोळक्याच्या शेपटाला प्रभुलिंग, पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून. पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायचा नाही. लाज वाटू द्यायची नाही. वारा तोडायचं वय पुढच्यांचं आहे, तोडू देत.

गेल्या वर्षी पहिला आलेला रत्नदीप मागे वळून म्हणाला, "काका, बरं हाय नव्हं?"

"पुढं बघ. खड्डा."

रस्त्याकडेचा एक मोटरसायकलवाला : "आजोबा, दमानं!"

दम होता. गुडघाही होता. चढ लागला की गुडघा बोलायला लागतो. त्याला उत्तर द्यायचं नाही, एवढं प्रभुलिंगला जमतं. उत्तर दिलं की बोलणं वाढतं.

•

वळसंग. चौकात एक ड्रम ठेवलेला. त्याला वळसा घालून परत सोलापूर.

ड्रमाशेजारी मांडव.

मांडवात सरपंच, फोटोवाला, हलगी. आणि नेमका वळणावर, दोन्ही हातांत शाल पसरून, काखेत नारळ, मनगटावर हार : बसू, प्रभुलिंगचा मामेभाऊ. गावाने घोळक्याला वाट दिली आणि प्रभुलिंगपुढे मिटून घेतली.

"ए प्रभ्या, थांब की! दोन मिनटं! आजोळचा मान हाय!"

आजोळच्या नारळाला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर पुढच्या लग्नात पंगतीला कुणी वाढत नाही. प्रभुलिंगला हे माहीत होतं. दोन मिनिटांत टेम्पो येतो, हेही माहीत होतं. आणि पुढे घोळका अचानक उधळला होता, एका दमात, कुणी शिट्टी मारल्यासारखा.

त्याने मान खाली घातली.

बसूला वाटलं, हारासाठी. त्याने हार घातला.

मान हारासाठी नव्हती. प्रभुलिंग पेडलवर उभा राहिला. "बसू, सरक!"

बसू सरकला. नारळ निसटून ड्रमाखाली गेला. फोटो निघाला तो शालीचा आणि मोकळ्या रस्त्याचा. हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ठेका दुप्पट केला.

•

आता वारा पाठीवर.

मागे हॉर्न.

पुढे घोळका, मध्ये मोकळा रस्ता. झेंडूच्या पाकळ्या तोंडात, एक नाकात. थुंकायचं, ओढायचं. थुंकायचं,

ओढायचं.

गुडघा बोलला. बोलू दे.

हॉर्न. जवळ.

"येत न्हाय!" तो मागे न बघता ओरडला. "दुसरं कोन बघ!"

मग एक चाक दिसलं. मग त्याच्या पुढचं. घोळक्यातल्या शेवटच्या पोराने वळून बघितलं तर त्याच्या मागे घामाघूम म्हातारा, गळ्यात हार.

"काका? लगीन लागलं का काय?"

"गप. चाक सरळ ठेव."

•

पहिला रत्नदीप. प्रभुलिंग घोळक्याच्या शेपटाला, पण घोळक्यात. टेम्पो नंतर आला. टपावर दोन सायकली, आत दोन कॉलेजकुमार.

माईकवाला माईक बंद करून म्हणाला, "पुढच्या वर्षी?"

"खुला गट."

बसूचा फोन आला. "गावासमोर इज्जत घालवलीस माझी."

"घालवली. पुढच्या वर्षी गाव कडेला उभं कर. पाणी द्या. शाल नको."

"येशीलच म्हन की परत!"

"मग?"

बसूने फोन आपटला.

•

त्या सकाळी, झेंडा पडायच्या आधी, रत्नदीपने आपल्या जोडीदारांना सांगितलं होतं : वळसंगला काकांचा सत्कार आहे, ते अडकले की पळायचं, नाहीतर परतीला ते आपलं चाक सोडत नाहीत.