तीन नंबरची शिट्टी

गहिनीनाथच्या डोक्याला फेटा बांधला तेव्हा माझ्या पोटात दुखलं, हे आधीच कबूल करून टाकतो. रंगनाथ ड्रायव्हर मोठ्या मनाचा माणूस आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या दिवशी माझं मन सुपारीएवढंसुद्धा नव्हतं.

फेटा कशाचा, तर बॉयलर पेटवण्याच्या मानाचा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना जोडप्याच्या हातून बॉयलरची पूजा होते, तशीच पूजा तीन नंबरच्या इंजिनापुढे मांडली होती. गहिनी आणि त्याची लंकाबाई पाटावर बसली. नारळ फुटला, चीफ इंजिनियर साहेबांनी गहिनीच्या हाती पलिता दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे गर्दीत उभा होतो. माझ्या वाट्याला खोबऱ्याचा तुकडा आला, तोही करवंटीला चिकटलेला.

तीन नंबर म्हणजे आमच्या कारखान्याचं ट्रामचं इंजिन. दोन फुटी रुळांवर चालणारं, थोराड म्हशीपेक्षा थोडंच मोठं. कोल्हारच्या बाजूच्या फडांतून ऊस आणायचं. चौदा वर्षं ते मी चालवलं. मग पासष्ट साली ट्रॅक्टर आले, ट्राम बंद झाली, आणि तीन नंबरला वर्कशॉपच्या मागे बाभळीखाली ढकलून दिलं. त्याच्या धुराड्यात चिमण्यांनी घरटी केली, आगीच्या पेटीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला गेटवर बसवलं. गाडी आली की आडवा बांबू वर करायचा, गेली की खाली करायचा. ज्या हातांनी हजारो टन ऊस ओढून आणला त्या हातांना बांबू दिला.

गेल्या दिवाळीपासून डिझेलची मारामार सुरू झाली. पंपावर ट्रॅक्टरच्या रांगा, फडात तोडलेला ऊस वाळतोय, आणि इकडे कारखान्यात ऊस टाकायची गव्हाण रिकामी. तेव्हा चीफ साहेबांना बाभळीखालचं इंजिन आठवलं. बाभळीच्या लाकडावर आणि उसाच्या चिपाडावर चालतं, डिझेलचं नाव नको. साहेब म्हणाले, दुरुस्त करा, बॉयलर इन्स्पेक्टरनं पास केलं तर लाईन पुन्हा सुरू करू. नापास केलं तर नगरचा भंगारवाला टपून बसलेलाच आहे.

मला वाटलं, मला बोलावतील. खाकी कोट धुऊन वाळत घातला. बोलावलं गहिनीला.

गहिनी कोण? माझा आगवाला. आठ वर्षं माझ्या शेजारी उभा राहून आगीत लाकडं टाकणारा. ट्राम बंद झाल्यावर तो बॉयलर हाऊसला गेला, पुण्याला जाऊन परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलं. माझ्याकडे कागद नाही. मला जुन्या मॅनेजरनं शिकवलं ते कानफटात मारून, आणि कानफटाचं सर्टिफिकेट मिळत नाही. पूर्वी कुणी विचारलं नाही, पण कायदा असा, की कागद नसलेल्यानं वाफेच्या दांड्याला हात लावायचा नाही.

तीन महिने तो त्या इंजिनाशी झटला. मी एकदाही बघायला गेलो नाही. पण गेटवर बसून प्रत्येक घाव ऐकत होतो. आज नळ्या काढल्या, आज चाकाचं बेअरिंग ओतलं, आज पितळी झडप घासून बसवली, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं. गाडीवाले थट्टा करायचे, की रंगनाथदादा, तुमची लेक शेवटी गहिनीच्या घरी दिली म्हणायची. मी बांबू जरा जोरात खाली आपटायचो.

चाचणीच्या आठ दिवस आधी गहिनी घरी आला. मुक्ता, म्हणजे माझी बायको, दूध आणायला शेजारी गेली होती. तो ओट्यावर बसला, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मग हळूच मुद्द्यावर आला. बॉयलरमध्ये पाणी चढवायला इंजिनाला दोन इंजेक्टर असतात. डावा आगवाल्याच्या हाताशी, उजवा ड्रायव्हरच्या. डावा त्यानं आठ वर्षं हाताळला होता. उजव्याला त्याचा कधी हात लागला नव्हता.

"दादा, उजव्याची काय खोड हाय का? आसंल तर सांगा. शेडमध्ये बरा चालतोय, पर मला भरोसा न्हाई."

खोड होती. मैल-दीड मैल गेलं की उजवा इंजेक्टर तापायचा आणि पाणी घ्यायचा बंद व्हायचा. मग त्याच्यावर ओलं पोतं गुंडाळायचं. मिनिटभरात थंड झाला की पुन्हा सुरू. आमचं घर पाटाच्या पुलाला लागून. रोज सकाळी तीन नंबर पुलावर आलं की मुक्ता पाटात पोतं भिजवून माझ्या हाती द्यायची आणि मी ते पायरीखालच्या इंजेक्टरवर सरकवायचो. गहिनीनं एकदा विचारलं होतं, पोतं कशाला? मी म्हणालो होतो, पाय भाजतात म्हणून. वस्तादानं एक डाव राखून ठेवावा म्हणतात. मी कधी लाल मातीत उतरलो नाही, पण तेवढं तालमीतलं शहाणपण उचललं होतं.

"खोड कसली?" मी म्हणालो. "साधा इंजेक्टर हाय. चालंल."

तो पाया पडून गेला. पाया पडला याचंच मला जास्त वाईट वाटलं, पण जीभ काही उचलली नाही.

चाचणीच्या दिवशी पूजा संपली, खोबरं चघळलं, आणि मी सरळ घरी आलो. बघायला थांबलो नाही. कारखान्यापासून आमच्या पुलापर्यंत चढ आहे, दीड मैल. मी चुलीपुढे पाटावर बसून हिशेब केला, की पुलापर्यंत येईल, डावा नव्या नळीतल्या कचऱ्यानं अडेल, उजवा तापेल आणि इंजिन इथंच बसेल. मग इन्स्पेक्टरच्या समोर आग खाली पाडावी लागेल. नापास. भंगार. होऊ दे भंगार. गहिनीच्या हातात नांदण्यापेक्षा तीन नंबर नगरच्या भट्टीत वितळलेलं बरं, असं मला वाटलं. मनापासून वाटलं.

मुक्ता बाजरीचं पीठ काढत होती. ती पारनेरकडची. कमी बोलते, आणि बोलते ते टोचतं.

साडेदहाच्या सुमाराला चढावर फुसफुस ऐकू आली. नऊ वर्षांनी. माझ्या हाताची बोटं आपोआप वळली. आणि मग पुलाच्या अलीकडे शिट्टी झाली. दोन आखूड, एक लांब, आणि लांब शिट्टी शेवटी हुंदका दिल्यासारखी खाली उतरत गेलेली. ती माझी शिट्टी. प्रत्येक ड्रायव्हरची वेगळी असायची, आणि माझी पाच गावं ओळखायची. संध्याकाळी वाघिणी, म्हणजे उसाचे भरले डबे, घेऊन उतरताना पुलावर ती वाजली, की घरी मुक्ता तवा ठेवायची. वाघिणी सोडून मी येईपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची.

मुक्ता उठली आणि चुलीवर तवा ठेवला.

मी बघतच राहिलो. "मी हितं तुझ्यापुढं बसलोय. तवा कुनासाठी ठेवला?"

ती स्वतःशीच हसली. "शिट्टी झाली की हात आपसूक जातो."

"माझी शिट्टी हाय ती. चोरली त्यानं."

"तुमची कशी?" ती पीठ मळता मळता म्हणाली. "उतारावर तुमचा एक हात दांड्याला, एक बिरिकाला. शिट्टी गहिनीच वढायचा की."

खरं होतं. दोन आखूड, एक लांब, हे मी ठरवलं होतं. पण उतारावर माझे हात मोकळे कुठले? मी नुसतं "शिट्टी" म्हणायचो, आणि दोरी तो ओढायचा. तो शेवटचा हुंदका माझा नव्हताच. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? आठ वर्षं माझ्या बायकोचा तवा गहिनीच्या हातावर चढत होता.

"म्हंजी रोज तू त्याच्या शिट्टीवर उठायचीस," मी म्हणालो.

"कुनाच्या का आसंना. भाकर तर तुमीच खाल्ली."

तिला त्यात काहीच वाटलं नाही. मला मात्र चुलीतला निखारा गिळल्यासारखं झालं. कशाचा मत्सर करावा आणि कशाचा नाही, याला काही ताळतंत्र असतं का? माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात पुलापलीकडे फुसफुस थांबली. मी कान दिला. इंजेक्टर खरखर करत होता. पाणी वर चढायचं आणि परत सांडायचं. डाव्यात कचरा अडकला असणार, नवीन नळीत अडकतोच, आणि उजवा तापला होता. आता बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी उतरत जाईल. बोटभर उरलं की आग पाडावीच लागते, नाहीतर बॉयलरमधलं शिशाचं बूच वितळतं. फार तर दहा मिनिटं. हेच मला हवं होतं, आणि मी पाटावर मांडी घालून बसलो होतो.

मुक्तानं मान वर केली. "उजवा तापला जनू. पोत्याचं सांगितलं न्हवं त्याला?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं. रागावली नाही. हाताचं पीठ झटकलं, दाराआडचं पोतं ओढलं, रांजणात बुचकळून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुमी नेता का मी नेऊ?"

पोत्यातून पाणी गळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सगळा कारखाना, चीफ साहेब, इन्स्पेक्टर बघताहेत, आणि माझी बायको ओलं पोतं घेऊन गहिनीच्या इंजिनाकडे धावतेय. गहिनी खाली वाकून तिच्या हातून ते घेतोय. मग गावभर गोष्ट होईल, की मुक्ताबाईनं गहिनीची लाज राखली.

मी पोतं हिसकावलं आणि पळालो. लोक नंतर म्हणाले, रंगनाथचं शेवटी इंजिनावर प्रेम, शिष्यावर माया. म्हणू द्या. मी पळालो तो निव्वळ जळून पळालो. छप्पन्न वर्षांचा माणूस चिखलातून धोतर वर धरून असा पळत नाही.

पुलापलीकडे गर्दी गोळा झाली होती. इन्स्पेक्टर इंजिनावर उभा राहून काचेच्या नळीकडे बघत होता. गहिनीचा फेटा घामानं भिजला होता, आणि आग पाडायची सळई त्याच्या हातात होती. मी उजव्या पायरीखाली हात घातला, पोतं गुंडाळलं, आणि गहिनीला वाफ बंद करून पन्नास आकडे मोजायला सांगितलं. त्यानं मोजले. मग झडप उघडली. एकदा खरखरलं, दुसऱ्यांदा सूर लागला, आणि पाणी चढू लागलं. इन्स्पेक्टरनं वहीत काहीतरी लिहिलं.

गहिनी माझ्याकडे बघत होता. "दादा, ते पोतं पाय भाजत्यात म्हनून हुतं ना?"

"व्हय," मी म्हणालो. "पायासाठीच."

त्यानं मला हात देऊन वर घेतलं आणि सरकून जागा केली, डाव्या बाजूला, आगवाल्याची. मी त्या जागेवर उभा राहिलो. फडापर्यंत गेलो, चार वाघिणी ऊस जोडला, परत निघालो. त्याचा हात चांगला होता. वाफ उधळत नव्हता, वळणावर घाई करत नव्हता. चुकेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो, आणि तो चुकत नव्हता.

पुलाजवळ उतार लागला. गहिनीचा एक हात दांड्याला, एक ब्रेकला.

"दादा, शिट्टी," तो म्हणाला. "तुमीच वढा."

मी दोरी धरली. घर समोर दिसत होतं, कौलांतून धूर येत नव्हता. आता बघ, म्हटलं. दोन आखूड ओढल्या, मग एक लांब. दोरी ताठ होती, सोडताना हातातून निसटली, आणि लांब शिट्टी मध्येच कापल्यासारखी तुटली. गहिनी समोर रुळाकडे बघत राहिला. म्हणाला, बरोबर झाली. खोटं बोलायला तो माझ्याकडूनच शिकला असावा.

चाचणी पास झाली. पेढे वाटले. मी दोन पेढे रुमालात बांधून भराभर घरी आलो.

चूल गार होती. मळलेलं पीठ परातीत झाकून ठेवलेलं, तवा भिंतीला टेकलेला, आणि मुक्ता उंबऱ्यात सूप घेऊन मटकी पाखडत होती.

"शिट्टी ऐकली न्हाई का?" मी विचारलं.

"ऐकली की."

"मंग तवा?"

"मला वाटलं, दुसरंच कुनी हाय."

मी पेढे खाली ठेवले. "गहिनीच हुता," मी म्हणालो. "दोरी ताठ झालीया आता."

मुक्तानं सूप बाजूला ठेवलं, उठली, चुलीत काटक्या सारल्या.

"न्हाई," ती म्हणाली. "गहिनी न्हवता." आणि तिनं तवा चुलीवर ठेवला.