फितीखालची नदी

मी एक जुना घागरा आहे. घेर नऊ मीटर, आत तीन परकर, काठावर भरतकामाची आठ चित्रं. सहाव्या चित्रात काळ्या दोऱ्याची नदी आहे. तिच्यात मासे एकोणीस. सगळे पोट वर करून.

मित्रांनो, माझा जन्म पेरू देशातल्या वांकायो शहरात, भरतकाम करणाऱ्या कासिमिराच्या खोलीत झाला. तिची भाची एर्लिंडा गायिका. एर्लिंडाच्या नव्या अल्बममध्ये आठ गाणी होती, म्हणून माझ्यावर आठ चित्रं. सहावं गाणं तिच्या गावच्या नदीचं. खाणीचं पाणी नदीत सुटलं, त्या सकाळी धुण्याच्या दगडापाशी तिने मेलेले मासे मोजले होते.

मग दौरा ठरला. बसचं भाडं देणार होते खाणवालेच. व्यवस्थापक बारियेन्तोस मला उलटापालटा करत म्हणाला, "कासिमिराबाई, हे मासे उसवा."

"उसवले तर कापड फाटेल."

"मग झाका. नाहीतर बस विसरा!"

एर्लिंडाने मान डोलावली. हार्पवाला, सॅक्सोफोनवाले, सगळ्यांची पोटं त्या दौऱ्यावर होती. कासिमिराने नदीवर रुंद लाल फीत लावली. पण नुसता धावदोरा घातला आणि शेवटी गाठ मारली नाही. हे फक्त तिला आणि मला ठाऊक.

तीन गावांत मी तसाच नाचलो. माझी वाहवा झाली. मला मात्र सहाव्या चित्रापाशी गुदमरत होतं.

चौथा कार्यक्रम एर्लिंडाच्याच गावी, भर दुपारी, चौकात. आमच्याकडे पुढच्या रांगेतल्या बायका गायिकेच्या घागऱ्याचा काठ हातात घेऊन टाका पारखतात. त्याशिवाय टाळी नाही. एका म्हातारीने चित्रं गाण्यांशी जुळवत माझा काठ बोटांनी चाचपला.

"काय ग पोरी, आपली नदी कुठाय?"

"फितीखाली आहे, मावशी."

"का? थंडी वाजते तिला?"

चौक खो-खो हसला. एर्लिंडाचा चेहरा लाल झाला. "पुढचं गाणं घे, पुढचं!" मागून बारियेन्तोस ओरडला. ती खाली वाकली. बोटांना दोऱ्याचं मोकळं टोक लागलं. तिने ते ओढलं. फीत एका हिसड्यात गळून पडली.

"सहावं," ती हार्पवाल्याला म्हणाली, आणि तिने गिरकी घेतली. माझा घेर ताटासारखा उघडला. सगळ्या चौकाला नदी दिसली.

संध्याकाळी बस आम्हाला तिथेच टाकून गेली. एक सॅक्सोफोनवालाही तिच्यात बसून गेला. उरलेली गावं आम्ही बटाट्यांच्या ट्रकमधून केली. परतल्यावर एर्लिंडाने कासिमिराला फितीचं विचारलं, तर ती म्हणाली, "गाठ मारायची राहिली बाई. वय झालं."

आता मी तिच्या खोलीत खुंटीवर असतो. रंग विटलाय, एका परकराला कसर लागलीय. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, कसरीपासून जपा. पण फितीच्या जागी सुईची भोकं राहिली आहेत, ती कुणी बुजवायला आलं तर हात धरा.

भोकं दोनशे बारा. मासे एकोणीस.