वाळूतली वाघूर

बुद्धप्रियाला समुपदेशक होऊन जेमतेम महिना झाला होता, पण घाई अशी की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सोलापुरातल्या त्या छोट्याशा दवाखान्यात तिने स्वतः वाळू धुऊन, चाळून लाकडी ट्रेमध्ये भरली होती. शेजारच्या फळीवर बोटाएवढी खेळणी: माणसं, झाडं, ट्रक, रिक्षा, मेंढरं, चूलसुद्धा. ज्याला बोलता येत नाही त्याने वाळूत मांडून दाखवावं, अशी ही उपचाराची रीत. मांडणाऱ्याला टोकायचं नाही आणि ट्रेला हात लावायचा नाही, हे मात्र बुद्धप्रियाला फार जड जायचं.

केराबाई दोन महिने एक शब्द बोलली नव्हती. कुंभारी गावाच्या पुढे महामार्गालगतच्या रानात तिची मेंढरं बसली होती, आणि एका पहाटे ट्रकने त्यातली तीस चिरडली. ट्रक पळाला. लोक धावले तेव्हा मेंढरं डांबरावर पडलेली आणि त्यांच्याभोवती लावायची दोरीची जाळी, म्हणजे वाघूर, रानात विस्कटलेली. वाघूर बांधली होती सून पूनमने. हिची गाठ सैल राहिली, मेंढरं रस्त्यावर गेली, असा सगळ्यांनी निकाल देऊन टाकला. नवरा मल्हार तिच्याशी बोलेना. पूनम तेव्हा पाण्याला गेलेली, त्यामुळे तिलाही तेच खरं वाटू लागलं होतं. बघणारी एकटी केराबाई, आणि नेमकी तिचीच वाचा गेली.

दोनदा येऊन केराबाई नुसती वाळू सपाट करून गेली. फळीवरच्या मेंढरांना शिवलीही नाही. ‘मेंढरांची भीती बसली आहे,’ असं बुद्धप्रियाने वहीत ठासून लिहिलं. केराबाई सुनेशिवाय खोलीत बसत नसे, म्हणून पूनमही तिथेच होती. तिने फळीकडे बघून तोंडाला पदर लावला.

“ताई, ही कसली मेंढरं? पांढरीफेक, गुबगुबीत! ससं वाटत्यात की. आमची काळी असत्यात.”

बुद्धप्रियाला स्वतःचंच हसू आलं. तिने वहीतलं वाक्य खोडलं.

तिसऱ्या खेपेला पूनमने काळ्या लोकरीचा पुंजका आणला. दोघींनी गोळे वळून त्यांना काडेपेटीतल्या काड्यांचे पाय लावले. केराबाईने त्या मेंढरांकडे पाहिलं आणि तिचा हात पुढे आला! बुद्धप्रियाने आपले तळवे चक्क मांड्यांखाली दाबून धरले.

केराबाईने बोटाने रस्ता ओढला. त्यापासून चांगली वीतभर लांब मेंढरं मांडली. उरलेली लोकर मांडीवर वळून तिचा दोरा केला, काड्या रोवल्या, भोवती दोरा फिरवला आणि गाठ मारली. आता ही गाठ सुटणार, हे पूनमला ठाऊक होतं. तिने डोळे मिटून घेतले.

केराबाईने गाठीला हातच लावला नाही. तिने ट्रक रस्त्यावर ठेवला, पुढे लोटला आणि एकदम वळवून थेट वाघुरीत घातला. काड्या आडव्या झाल्या. ट्रक मेंढरांना फरफटत परत रस्त्यावर घेऊन गेला. अगं बाई! बुद्धप्रियाला ओरडावंसं वाटलं, पण तिने ओठ चावला.

“पूनम.” केराबाईचा आवाज फुटला, खरखरीत. “गाठ बघ.”

पूनमने डोळे उघडले. दोरा मधेच तुटला होता. गाठ जशीच्या तशी होती.

“तुजी गाठ पक्की व्हती, पोरी. मेंढरं कुटं गेली न्हाईत. त्योच आत शिरला.”

पूनमने सासूच्या मांडीत डोकं खुपसलं आणि दोन महिन्यांचं रडली.

“मल्हारला बलवा,” केराबाई म्हणाली. “त्येलाबी दावते.”

मल्हार खाली मोटरसायकलवर बसून होता. बुद्धप्रिया अनवाणीच जिना उतरत सुटली. जाताना दारातून ओरडली, “पूनम, ट्रेला हात लावू नकोस हं!”