गौराबाईंची सही

मी एक जुना स्टॅम्प पेपर आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. फाटक्या छत्रीची आणि मोडक्या खुर्चीची कहाणी तुम्ही हौसेनं ऐकता, मग माझीही ऐका. माझा जन्म नाशिकच्या छापखान्यातला. डोक्यावर झोकदार नक्षी, किंमत वीस रुपये. माझी भावंडं भाडेकरारात नाहीतर प्लॉटच्या व्यवहारात गेली, सुखी झाली. माझ्या कपाळी मात्र एक तान्ही पोर आली.

साल १९९४. कोल्हापुरात मंगळवार पेठेत भरमाप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांचा थोरला मुलगा वीरेश हायवेला ट्रकखाली गेला. मागं राहिली बावीस वर्षांची बायको सुष्मिता आणि आठ महिन्यांची रक्षिता. महिना व्हायच्या आत सासूनं, म्हणजे गौराबाईंनी, सुनेला पांढऱ्या पायाची ठरवलं. हातकणंगल्याला माहेरी धाडायचं पक्कं झालं. पण धाडण्याआधी लिखापढी हवी ना! व्यापाऱ्याचं घर ते.

कोर्टाबाहेर झाडाखाली आकाराम टायपिस्ट बसायचा. पहिल्या कागदावर सुष्मितानं घरादुकानातला वाटा सोडला. दुसरा कागद मी. तो गौराबाईंनी स्वतः सांगून लिहून घेतला.

"लिव, ह्या पोरीशी आमचा कसलाबी संबंध न्हाय. पुढं कवा भेटीचा हक्कबी सांगणार न्हाय."

आकारामचे हात थांबले. "काकू, रक्ताचं पोर हाय. एवढं नगा लिवाय लावू."

"तुझं काम टायपायचं! पोरगीच हाय ती. उद्या लग्नाच्या खर्चाला आमच्या दारात याय नको."

शाईचा पॅड पुढं केला तर त्यांनी तो ढकलून दिला. "अंगठा कशाला? माझ्या वीरेशनं सही शिकवलीया मला." चौथीत असताना पोरानं आईचा हात धरून पाटीवर गिरवून घेतली होती ती सही. मात्रा तिरक्या, शेवटचा 'ई' ओळ सोडून खाली घसरलेला. सही करताना गौराबाई लेकाच्या आठवणीनं ढसाढसा रडल्या, आणि त्याच लेकाची लेक सुष्मिताच्या मांडीवरून माझा कोपरा ओढत होती, तिच्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी कागद असून मला लाज वाटली.

वाट्याचा कागद भरमाप्पांनी नेला. मी सुष्मिताच्या पदरात पडलो. तिनं मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत तळाशी ठेवलं, सोबत डांबराच्या गोळ्या. अकरा वर्षं मला कसर लागली नाही. ती बालवाडीत शिकवायची, पोरीला वाढवायची. पोरीनं आजीबद्दल विचारलं की ती वाईट बोलायची नाही, खोटंही बोलायची नाही. एकच गोष्ट सांगायची, "तुझ्या बाबांनी लहानपणी आज्जीला सही शिकवली होती. फार अभिमान होता तिला त्याचा." रक्षिता ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि कधीकधी मला बाहेर काढून त्या तिरक्या मात्रांवरून बोट फिरवायची.

२००५ साली हातकणंगल्याच्या एका लग्नात गौराबाईंना पंगतीत वाढणारी एक पोर दिसली. कपाळ वीरेशचं, चाल वीरेशची. म्हातारी जागच्या जागी बसली. धाकटा रुद्रेश पुण्याला गेला होता, त्याला मूलबाळ नव्हतं. घरात भांड्यांशिवाय काही वाजत नव्हतं. आता त्यांना नात हवी होती. त्या भेटायला गेल्या तर सुष्मितानं दार लावून घेतलं, तेव्हा गौराबाई कोर्टात गेल्या. महिन्यातून एक तास भेट, एवढंच मागितलं.

सुष्मितानं मला ट्रंकेतून काढून जजसाहेबांपुढं ठेवलं. त्यांनी मला वाचून बाजूला सारलं. म्हणाले, "आजी-आजोबांना भेटीचा थेट हक्क कायद्यात लिहिलेला नाही. पण असल्या कागदानं नातंही तुटत नाही. मुलीचं भलं कशात आहे, ते मी बघणार. तिला काय वाटतं?"

खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद झाला. अकरा वर्षं जपलेला मी कवडीमोल ठरलो, तरी बरं वाटलं.

रक्षिता मला हातात घेऊन आजीपुढं गेली. "ही सही तुमची का?"

तिचा आवाज मऊ होता. कौतुकानं विचारत होती पोर! पण गौराबाईंना ते कसं कळावं? आदल्या दिवशी वकिलानं बजावलं होतं, कागद दाखवला तर सरळ कानावर हात ठेवा.

"न्हाय गं बाळा," त्या म्हणाल्या. "माझी न्हाय ती. तुझ्या आईनं खोटी केली असंल."

रक्षितानं मला टेबलावर ठेवलं. "बाबांनी शिकवलेली सही हाय ही," ती म्हणाली. "मला न्हाय भेटायचं."

आजीचं बोलणं जबाबात लिहिलं गेलं आणि अर्ज फेटाळला गेला. मी कोर्टाच्या फाईलीत राहिलो.

दोन वर्षांनी भरमाप्पा गेले. त्यानंतर एका दुपारी गौराबाई काठी टेकत दप्तरखान्यात आल्या. कारकून जोतीरामनं फाईल उघडली. त्यांनी माझ्यावरच्या मात्रांना हात लावला आणि त्यांना हुंदका फुटला. "एवढा कागद दे रं मला. माझ्या लेकाची आठवण हाय. माझी सही हाय ही."

जोतीरामनं जबाब काढून वाचला.

"मावशी, हितं तर तुम्हीच सांगितलंय, सही माझी न्हाय म्हणून," तो म्हणाला आणि फाईल बांधली.

मित्रांनो, मला जपायला काही लागत नाही. एक पिशवी आणि चार डांबराच्या गोळ्या पुरतात. माणसाचं तसं नसतं. मांडीवरचं पोर कोपरा ओढतं, तेव्हाच त्याच्याकडं बघावं लागतं. गौराबाई अजून दर महिन्याला येतात, जोतीराम त्यांना बाकावर बसवून पाणी देतो, आणि कागद देत नाही.