नाक्यावरचे छत्तीस अंश

मित्रांनो, मुलुंडच्या एका नाक्यावर शांताबाई फुलं विकायला बसतात. त्यांच्या टोपलीच्या बरोबर वर, लोखंडी खांबावर, तापमान दाखवणारा एक बोर्ड आहे. तो मी. वय वर्षं तीन. नाक्यावरच्या बोर्डांमध्ये मी म्हातारा समजला जातो, कारण बाकीचे वाढदिवस उरकला की उतरवतात.

माझा जन्म अंधेरीतल्या एका गाळ्यात झाला. मला लाल दिव्यांचे दोन आकडे दिले आणि पाठीला बोटाएवढा सेन्सर चिकटवला. हवा किती तापली आहे, हे त्याला कळतं. खोटं बोलता येत नाही, तेवढी बुद्धीच नाही त्याला. आकड्यांच्या शेजारी आकड्यांच्या दुप्पट मोठा फोटो लावला, चंद्रप्रकाशभाऊंचा, हात जोडलेला. खाली लिहिलं, 'पर्यावरणमित्र'. भाऊ माजी नगरसेवक होते आणि भावी नगरसेवक होते. मधल्या काळात निवडणूकच होत नव्हती, त्यामुळे सध्या ते नक्की कोण आहेत हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

माझं लोकार्पण झालं. नारळ फुटला. भाऊ म्हणाले, "हवामान बदलतंय. आता किती बदलतंय ते आपल्याला रोज कळेल." टाळ्या पडल्या. कळल्यावर करायचं काय, हे भाषणात नव्हतं. लिंबू सरबत होतं.

पहिली दोन वर्षं माझ्या सुखाची. डोक्यावर जुना शिरीष होता, त्याच्या सावलीत मी भर एप्रिलमध्ये पस्तीस-छत्तीस दाखवायचो. मे महिन्यात मात्र चाळिशीला पोहोचायचो. नाक्यावर तेव्हा सिमेंटचा रस्ता करण्यासाठी खोदकाम सुरू झालं होतं. ते अजून सुरूच आहे, पण तो माझा विषय नाही. एका दुपारी खोदणाऱ्यांपैकी एकाला भोवळ आली. त्याच्या शेजारी खोदणारा वाशीमकडचा सीताराम फावडं टाकून मुकादमाकडे गेला.

"मुकादम, किती ऊन झालं म्हणजे थांबायचं, ते एकदाचं ठरवा."

मुकादम धोंडू कणकवलीचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मग वर, माझ्याकडे. "बोर्डार चाळीस झाले की बसूचा. चार वाजेपर्यंत. मगे उठूचा."

मित्रांनो, त्या दिवशी माझा ऊर भरून आला. मी चाळीस झालो की बारा माणसं शिरीषाखाली टेकायची. शांताबाई त्यांच्या हातावर मडक्यातलं पाणी ओतायच्या. दोन आकड्यांना आयुष्यात याहून मोठं काम मिळत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात शिरीषाला नवी फांदी फुटली आणि ती नेमकी भाऊंच्या फोटोसमोर आली. भाऊंच्या नाकावर पानं दिसू लागली. म्हणून छाटणी झाली. आधी ती फांदी गेली. मग तिच्या शेजारची. मग झाड एका बाजूला कललेलं दिसतं म्हणून उरलेलं झाड. नाक्यावरून हजारो माणसं गेली. एकाने फोटो काढला, तो चिमणीचं घरटं खाली पडलं होतं त्याचा. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी अनुपमाताई म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण पानांचा कचरा फार व्हायचा."

पुढच्या मार्चमध्येच मी एक्केचाळीस दाखवले. माझी काही चूक नव्हती, सावलीच नव्हती. मग कोणीतरी माझा फोटो काढला. त्यात डावीकडे हसणारे भाऊ होते, उजवीकडे एक्केचाळीस. खाली लिहिलं, 'भाऊंनी करून दाखवलं.' संध्याकाळपर्यंत तो भाऊंच्या पुतण्याच्याही फोनवर आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आले. बरोबर बोर्डवाला मिथुन, शिडी आणि लॅपटॉप घेऊन.

"मिथुन, माझ्या शेजारी एक्केचाळीस बरं दिसतं का रे?"

"भाऊ, ऊन आहे ना."

"ऊन सगळीकडे आहे. फोटो इथेच आहे."

"सेन्सर काय ऐकणार नाही भाऊ. पण आकड्याला कमाल मर्यादा टाकता येते. त्याच्या वर जाणारच नाही."

"अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस? किती टाकायची?"

"तुम्ही सांगाल ती."

भाऊंनी कपाळाचा घाम पुसून विचार केला. "ताप नसला की डॉक्टर सदतीस म्हणतात. आपण एक कमी टाकू. लोकांना वाटलं पाहिजे, काम चालू आहे."

तेव्हापासून मी छत्तीस आहे. आत बेचाळीस असले तरी तोंडावर छत्तीस.

आणि मित्रांनो, लोकांना ते आवडलं. अनुपमाताई पाहुण्यांना खिडकीतून मला दाखवायच्या, "ठाण्यात बघा काय अवस्था आहे. आमच्याकडे छत्तीसच्या वर जातच नाही." मागच्या गल्लीतल्या बिल्डरने जाहिरातीत लिहिलं, 'मुलुंडचं महाबळेश्वर'. एकदा त्याच खिडकीत त्यांची मुलगी गंधाली म्हणाली, "आई, फोनमध्ये एक्केचाळीस आहे."

"फोन सांताक्रूझच्या वेधशाळेचं सांगतो गं. बोर्ड इथलं सांगतो."

"मग तू एसी सोळावर का लावलायस?"

"सवय आहे मला."

खाली सीताराम रोज अकरापासून मान वर करून बघायचा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दीड वाजता, तो धोंडूजवळ गेला. माझ्या आत तेव्हा त्रेचाळीस होते.

"मुकादम, बसू द्या आता."

"बोर्डार छत्तीस आसत रे. चाळीस झाले की बसूचा, असा ठरला हा ना?"

"ठरवायला मीच सांगितलं. पण घाम यायचा बंद झाला माझा."

"मगे बरा हा. शर्ट सुको रवतलो."

दोघेही हसले. सीतारामने खड्ड्यात उतरून तीन फावडी माती काढली. चौथं फावडं वर आलंच नाही.

मी छत्तीस दाखवत होतो. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड म्हणून दोनच आकडे दिलेले, आणि तेही भाऊंनी ठरवलेले. शांताबाईंनी सगळं मडकं त्याच्यावर रिकामं केलं. धोंडूने त्याला उचलून रिक्षात घातलं, आणि रिक्षा वळेपर्यंत धोंडू माझ्याकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी कागदावर 'उष्माघात' लिहिलं. आठवड्याने एक चौकशी अधिकारी आले. त्यांनी छत्री उघडली, रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघून लिहून घेतलं, 'घटनास्थळी तापमान ३६ अंश. सबब उष्माघात संभवत नाही.' तीन वर्षांत कोणी माझी साक्ष काढली ती एवढीच.

सीताराम वाचला. पण त्याचा डावा हात थरथरतो, आणि कालचं आज आठवत नाही. तो आता शांताबाईंजवळ बसून झेंडू देठापासून वेगळा करतो.

मग धोंडूने माझ्याकडे बघणं सोडलं. शांताबाईंनी माझ्या खांबाला मोगऱ्याचा गजरा बांधायला सुरुवात केली. सकाळी ताजा. गजऱ्याने मान टाकली की उरलेली अकरा माणसं फावडी ठेवायची. धोंडू लांबूनच विचारायचा, "शांताबाय, फुलां काय म्हणतत?"

"गेली."

"बसा रे."

हे चार आठवडे चाललं. काम मागे पडतंय अशी तक्रार गेली आणि धोंडूची बदली गोरेगावला झाली. त्याच आठवड्यात भाऊंचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांनी गजरा काढून माझ्या खांबाला नऊ फुटी हार घातला, प्लास्टिकचा, पिवळाधमक. नवा मुकादम रतन पहिल्या दिवशी खांबाजवळ आला. त्याला नियम कोणीतरी सांगितला होता. त्याने हार नीट निरखून पाहिला.

"फुलं तर टवटवीत आहेत. चला, उठा."

"ती प्लास्टिकची आहेत रे बाबा," शांताबाई म्हणाल्या.

"मावशी, मला फुलं बघायला सांगितलंय. कशाची ते नाही सांगितलं."

आज माझ्या आत चव्वेचाळीस आहेत. प्लास्टिकचा हार टोकाकडून मऊ होऊन खांबाला चिकटू लागला आहे. कापलेल्या शिरीषाचं खोड लाल-पांढरं रंगवलंय, त्यावर कोणी बसत नाही, बसता येत नाही इतकं ते तापतं. सीताराम वर बघतो, आकडा वाचतो आणि समाधानाने म्हणतो, "आज बरं आहे. छत्तीसच." शांताबाई वर न बघता त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. खड्ड्यातून नवी माणसं मान वर करून मला विचारतात. मी त्यांना तेच सांगतो.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं मी म्हणणार नाही. मी स्वच्छच आहे, दर आठवड्याला भाऊंच्या फोटोवरची धूळ पुसतात तेव्हा मीही पुसला जातो. माझी विनंती वेगळी आहे. या नाक्यावरून जाल तेव्हा वर बघू नका. खाली बघा. काम करणाऱ्या एखाद्याचं अंग कोरडं पडलं असेल, घाम यायचा थांबला असेल, तर त्याचं फावडं हातातून काढून घ्या, त्याला सावलीत न्या, पाणी ओता. सावली नसेल तर तुम्ही उभे राहा.

चाळीस व्हायची वाट बघू नका. मी चाळीस होणार नाही.